तुझ्या मराठीत

म्हैसूर, १४ जुलै २००४

अंबुजा,

नावाच्या आधी काय घालायचं ते मला कळेना, म्हणून जागा रिकामीच सोडली आहे. 'गं. भा.' लिहायला हात धजत नाही, आणि दुसरं काही लिहावं तर तुझ्याबद्दल मला काही ठाऊकच नाही. आमचा गुरुराज गेल्यावर तू काही महिने आमच्याकडे थांबलीस आणि मग एका सकाळी ट्रंक घेऊन साताऱ्याला माहेरी निघून गेलीस, इथवर मला माहीत आहे. त्यालाही आता तेरा वर्षं होतील. पत्ता तुझ्या वडिलांच्या जुन्या पत्रावरचा आहे. घर तेच असेल असं धरून चालते.

मी नागरत्ना, तुझी वन्सं. अक्षर ओळखलं असशील. मराठी लिहायला तूच शिकवलंस, माहेराहून येणारे दिवाळी अंक वाचायला देऊन. त्याआधी आम्ही घरात मराठी बोलायचो आणि लिहायचं झालं की कन्नड. आता लिहिताना शब्द अडतो तेव्हा तुझाच आवाज कानात येतो, त्यामुळे चुका काढायच्या असतील तर स्वतःच्याही काढ.

अण्णांना चैत्रात अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आहे. बोलणं परत येतंय, पण तुकड्यातुकड्यांनी, अर्धं कन्नड, अर्धं मराठी. ज्या माणसानं सगळ्या म्हैसुराला श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं, त्यालाच आता तो घेताना धाप लागते. व्यायाम करून घ्यायला एक बाई येते, तिच्याकडे पाठ फिरवतात. माझं ऐकतात, पण मलाही सकाळचा वर्ग आहे, दुपारचा बायकांचा आहे, आणि मधल्या वेळात त्यांचं सगळं आहे, अंथरूण बदलण्यापासून भरवण्यापर्यंत.

मुद्द्यावर येते. तू महिनाभर येशील का? अण्णांच्या हाताखाली तयार झालेली, जिच्यावर ते रागावत नसत अशी तू एकटीच. तू असलीस तर ते सांगितलेलं करतील. आणि मी जरा पडेन. मी दमले आहे, अंबुजा. हे कोणाला सांगता येत नाही, कारण योग शिकवणाऱ्या बाईनं दमायचं नसतं, असं लोकांना वाटतं.

तू का गेलीस हे मी विचारणार नाही. एवढंच सांगते की मी त्या दिवशी स्वयंपाकघरात होते आणि सगळं ऐकलं. तू म्हणालीस, "अण्णा, मी इथेच राहते, वर्ग सांभाळते." अण्णा म्हणाले, "राहू दे." याहून सरळ शब्दांत कोणी सून घरात ठेवून घेतली नसेल. तरी दुसऱ्या दिवशी तू गेलीस. ते असो. आता ये.

नागरत्ना


म्हैसूर, २ ऑगस्ट २००४

चि. सौ. अंबुजा,

रिकामी जागा भरली. तुझ्या चार ओळी मिळाल्या. दुसरं लग्न झालं, शाळेत नोकरी आहे, मुलगी चौथीत आहे, हे सगळं वाचून बरं वाटलं असं लिहायला हवं, आणि खरंच वाटलं, पण ते दोन दिवसांनी. पहिल्या दिवशी मला फक्त शेवटची ओळ दिसत होती. 'वन्सं, येता येणार नाही. माझी जागा तिथे नव्हती.'

जागा नव्हती म्हणजे काय गे? अण्णांनी वर्गाच्या खोलीत स्वतःच्या चटईशेजारी तुझी चटई टाकली होती. ती जागा मला कधी मिळाली नाही. मी दाराशी उभी राहून उशिरा आलेल्यांच्या चपला सरळ करायची. तू गेल्यावर आपल्या मठातले लोक तुला काय काय बोलले, ते मी ऐकून घेतलं. अण्णा तर एक अक्षर बोलले नाहीत, मान खाली घालून बसले. मी समजले, सुनेनं दगा दिला याचं दुःख आहे. आणि तू लिहितेस, जागा नव्हती.

जाऊ दे. भांडायलाही अंगात जोर लागतो.

इथली एक गंमत सांगते. गोकुलममधले शिवाजीराव आठवतात का? त्यांचे वडील कापडावर छापे उठवायचे, रंगाऱ्यांच्या गल्लीत. आता शिवाजीरावांनी दोन मजले चढवलेत आणि योग शिकायला येणाऱ्या परदेशी लोकांना खोल्या देतात. ते मागे लागलेत की नागम्मा, एक पत्रक लिहून द्या. योग कुठून आला आणि त्याचे फायदे काय. पाहुण्यांच्या उशाशी ठेवायचं आहे. 'पाच हजार वर्षं' हे शब्द यायलाच हवेत, असंही सांगून गेले.

मी अण्णांना विचारलं. त्यांचा चेहरा अर्धाच हसतो आता, पण हसला. पूर्वी ते काय सांगायचे ते तुला पाठ असेल. स्थिर बसणं जुनं, श्वासाकडे बघणं त्याहून जुनं, त्याचं वय कोणी सांगू नये. पण हे जे वाकणं-मुरडणं, एकामागून एक उड्या घेत जाणं, यातलं बरंचसं अण्णांनी लहानपणी राजवाड्याच्या योगशाळेत डोळ्यांदेखत वाढताना पाहिलं. थोडं जुन्या पोथ्यांतून, थोडं गरडीतल्या, म्हणजे तुमच्या तालमीतल्या, पैलवानांकडून, थोडं शाळेच्या कवायतीतून, आणि थोडं समोरच्या पोराचं अंग कसं वळतं ते बघून. परदेशी लोकांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे उतरायचे. मग अण्णा त्यांना शब्द समजावून सांगायचे. योग म्हणजे जू, कन्नडात नोग, बैलांच्या मानेवर ठेवतात ते. शरीर आणि मन एका जुवाला जुंपायचं. एकच बैल ओढायला लागला तर नांगर तिरका जातो. एवढं कळलं तर बाकी सगळं कळलं, म्हणायचे.

हे मी पत्रकात लिहिलं. शिवाजीराव म्हणाले, बैल नको, पाहुणे सुशिक्षित आहेत.

मग फायदे लिहायला बसले. झोप चांगली लागते. पाठ दुखत नाही. राग आवरतो. रक्तदाब उतरतो, आणि हे खोटं नाही, आपल्या वर्गातल्या पुष्पावतीबाईंची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली. मन शांत राहतं. लिहून झालं आणि मी ते वाचून बघितलं. लिहिणारी बाई झोपत नाही, तिची पाठ अण्णांना उचलून उचलून गेली आहे, आणि काल तिनं दूधवाल्याला विनाकारण झापलं. शवासन तर मला कधी मिळालंच नाही. सगळे डोळे मिटून पडतात तेव्हा मी घड्याळ बघत बसते, पुढच्या वर्गाच्या बायका दारात येतात म्हणून.

एक फायदा मात्र मी शपथेवर लिहीन. संध्याकाळी अण्णांना भीती वाटते. श्वास छातीत अडकतो, डावा हात थरथरतो. मी त्यांच्या पोटावर हात ठेवते आणि आम्ही दोघं मिळून श्वास बाहेर सोडतो, लांब, आणखी लांब. थोड्या वेळानं हात थांबतो. औषधानं थांबत नाही, यानं थांबतो. त्या वेळी मलाही बरं वाटतं, पण उठले की पाठ आहेच.

तुझ्या मुलीचं नाव तू लिहिलं नाहीस.

नागरत्ना


म्हैसूर, २३ ऑगस्ट २००४

चि. सौ. अंबुजा,

मागच्या पत्रातलं सगळं विसर. मला कळलं. तेरा वर्षांनी कळलं, आणि तेही एका नाशिकच्या मुलीमुळे.

ही मुलगी नवरा इथे कंपनीत लागला म्हणून आली आहे. दुपारच्या वर्गात येते. तुमच्यासारखं स्वच्छ मराठी बोलते आणि आमचं मराठी ऐकून तोंडावर पदर धरते. काल पश्चिमोत्तानासन चाललं होतं. सगळ्या बायका वाकलेल्या, कपाळ गुडघ्याकडे. मी म्हटलं, "राहू दे." सगळ्या तशाच राहिल्या. ही एकटी उठून बसली. पुन्हा केलं. मी पुन्हा म्हटलं, राहू दे. ही पुन्हा उठून बसली. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, काय होतंय तुला, इतक्यात सोडून का देतेस? ती म्हणाली, "अहो, तुम्हीच तर म्हणता ना, राहू दे."

पुष्पावतीबाई वाकलेल्याच अवस्थेत हसायला लागल्या. त्यांनी तिला समजावलं, "राहू दे अंदरे इरलि गे. आहे तस्संच धरून ठेव. सोडायचं अस्लं तर आम्ही साकु म्हणतो." ती मुलगी म्हणाली, आमच्याकडे राहू दे म्हणजे नको, सोडून दे, कशाला त्रास.

अंबुजा, वर्ग तसाच टाकून मी आत जाऊन बसले. आम्ही कन्नडातलं 'इरलि' उचललं आणि त्यावर मराठी कपडे चढवले. ठेव, असू दे, हवं आहे, असं म्हणायचं असलं की आम्ही राहू दे म्हणतो. पानात जास्तीचा भात पडला आणि तो चालणार असला तरी आम्ही राहू दे म्हणतो. आणि तू साताऱ्याची. तू म्हणालीस मी राहते, अण्णा म्हणाले राहू दे, म्हणजे राहा. आणि तुला ऐकू आलं, नको, कशाला. तू रात्रभर रडली असशील आणि सकाळी ट्रंक भरली असशील. आणि आम्ही इकडे तुला कृतघ्न ठरवून बसलो. कुठल्या घरात असं होतं? फक्त आमच्यासारख्यांच्या, ज्यांना ना धड हे ना धड ते.

मला रडू आलं आणि हसूही आलं. तुझी जागा होती गे. अण्णांनी तुला ठेवून घेतलं होतं. कोणाचीच चूक नव्हती.

आता तरी ये. महिना नको, आठ दिवस ये. मुलीला घेऊन ये, नवऱ्यालाही घेऊन ये, दसरा बघून जातील. अण्णांना मी अजून काही सांगितलं नाही. तू समोर असताना सांगू. मी फार दिवसांनी खूश आहे.

तुझी
वन्सं


म्हैसूर, ९ सप्टेंबर २००४

चि. सौ. अंबुजा,

परवा दुपारी तुझा फोन आला, तेव्हा शेवटी लाइन तुटली असं तुला वाटलं असेल. तुटली नव्हती. मी रिसीव्हर धरून उभी होते.

तू सांगितलंस ते मी पुन्हा लिहून काढते, कारण लिहिल्याशिवाय ते माझ्या डोक्यात नीट बसत नाही. तू म्हणालीस, वन्सं, मी पाच वर्षं त्या घरात राहिले, वर्गात रोज ते 'राहू दे' ऐकलं, मला तुमचा अर्थ कळत नव्हता असं वाटलं का तुम्हाला? पहिल्या महिन्यात चुकले असेन, पुढे नाही. म्हणून तर मीही त्या दिवशी आधी तुमचाच अर्थ घेतला. मग अण्णा मागच्या अंगणात माझ्यामागे आले आणि म्हणाले, "अंबुजा, हे तुझ्या मराठीत सांगितलं मी. आमच्या मराठीत नाही. तू जा. पुन्हा लग्न कर."

लोक बोलतील, मी गप्प बसेन, तुला नावं ठेवतील, चालेल का, असंही विचारलं त्यांनी. तू चालेल म्हणालीस. मठातल्या लोकांपुढे अण्णांची मान खाली होती ती दुःखानं नव्हती, हे मला आता कळलं. सुनेला दुसऱ्या लग्नाला आपण पाठवलं, हे त्या काळात उघड म्हणायची त्यांची छाती झाली नाही. पण पाठवलं. ते मी मानते.

आणि पुढचं तू सांगत नव्हतीस. मी खोदून विचारलं म्हणून सांगितलंस. तुझा आवाज बारीक झाला होता. अण्णा म्हणाले होते, "नागूला यातलं काही सांगू नको. ती विचारेल, मला का नाही सोडलं. मी काय सांगू?"

तेव्हा मी चाळिशीत होते. त्याच्या बऱ्याच आधी मला धारवाडच्या कॉलेजात नोकरी लागली होती, तुला माहीत नसेल. नेमणुकीचा कागद मी अण्णांपुढे धरला. ते वर्ग घेत होते. कागदाकडे बघून म्हणाले, राहू दे. मी कागद पेटीत ठेवला आणि चपला सरळ करायला गेले. काल बसून विचार केला, ते कुठल्या मराठीत म्हणाले असतील. आमच्या मराठीत म्हटलं तर, इथेच राहा. तुझ्या मराठीत म्हटलं तर, ती नोकरी सोड. माझ्या वाट्याला कुठलंही मराठी आलं तरी अर्थ एकच.

मी संध्याकाळी अण्णांना विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्यांच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजता मोजता तोंडातून निघून गेलं. अंबुजेचा फोन आला होता, तिनं सगळं सांगितलं, असं म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. मी विचारलं, तिला सोडलंत, मला का नाही? मी तुमची मुलगी ना?

त्यांना शब्द सापडत नव्हते, कन्नडातला एक, मराठीतला एक, असे आणत होते. मग म्हणाले, "तू होतीस नोडु, बघ, नागू. तू होतीस म्हणून तिला जा म्हणता आलं."

ते खरं बोलले. इतकं खरं की त्यावर भांडताही येईना. दोघींना सोडून हा माणूस एकटा कसा जगला असता? एकीला सोडायचं तर दुसरी हवीच होती, आणि दुसरी घरचीच होती, तिला कोणी विचारायचीही गरज नव्हती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, एकाच डोळ्यातून, दुसरा आता ऐकत नाही. माझा हात त्यांच्या पोटावर होता. काढून घ्यावा असं फार वाटलं. श्वास अर्ध्यात होता म्हणून काढला नाही.

मला राग आला आहे, अंबुजा. तुझ्यावर नाही. तुझा मला हेवा वाटतो, तो वेगळा. राग अण्णांवर आहे, आणि तो रोज त्यांचं तोंड पुसताना, गोळी देताना, कूस बदलताना बरोबर असतो. राग आवरतो असं मी पत्रकात लिहिलंय. ती ओळ शिवाजीरावांकडून परत मागून खोडावी म्हणते.

तुला ये म्हणून लिहिलं होतं. येऊ नकोस. अण्णांनी त्यांच्या आयुष्यातलं एकच धाडस तुझ्यासाठी केलं, आणि मी तुला पुन्हा इथे आणून त्यांच्या उशाशी बसवावं, हे बरोबर दिसत नाही.

नागरत्ना


म्हैसूर, २० सप्टेंबर २००४

चि. सौ. अंबुजा,

हे पत्र लहान आहे, कारण कामं फार आहेत.

जयलक्ष्मी म्हणून एक बाई ठेवली आहे. कृष्णराजनगरची आहे, आधी दवाखान्यात काम करायची. अंगानं चांगली दणकट आहे, अण्णांना एकटीनं उचलते. पोटावर हात कसा ठेवायचा, श्वास कसा लांबवायचा, ते मी तिला आठवडाभर शिकवलं. पहिल्या दिवशी अण्णांनी तिच्याकडेही पाठ फिरवली. ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. आता त्यांचं जमलं आहे.

वर्ग महिनाभर बंद राहील असं बायकांना सांगितलं. पुष्पावतीबाईंनी विचारलं, अण्णांना जास्त झालं का? मी म्हटलं, नाही, मला जास्त झालं. त्यांनी माझा हात दाबला.

अण्णांना मी परवानगी विचारली नाही. जाते आहे, असं सांगितलं. कुठे, असं त्यांनी विचारलं. साताऱ्याला, म्हटलं. त्यांनी मग डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. मला अजून राग आहे आणि तो इतक्यात जाणार नाही, पण हात मी ठेवू दिला.

गुरुवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे, शुक्रवारी पोहोचेन. स्टेशनवर यायची गरज नाही, तुझ्या पत्रावरचा पत्ता आहे. तुझ्या सासरी कोणी विचारलं तर काय नातं सांगायचं ते तू ठरव. एखादी खोली नसली तरी चालेल, कोपरा चालेल. तुझ्या मुलीशी गप्पा मारीन, भाजी निवडून देईन, तू सांगशील ते करीन. आसनं मात्र कोणाला शिकवणार नाही.

आणि एकच मागणं आहे. मला पहाटे उठवू नकोस.

वन्सं